लाल बंब आणि सुभेदारांचे गाल

आमच्या छावणीगावच्या संग्रहालयात महायुद्धातला लष्करी आगीचा बंब दुरुस्त होऊन उभा होता. राहिला होता फक्त रंग. जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या टेंबेबाईंनी पत्रा खरवडला, तर आत मळकट हिरवा निघाला. त्यांनी तोच रंग मागवला.

झालं! संग्रहालयाचे अध्यक्ष बापूसाहेब रणनवरे कडाडले, “बंब म्हणजे लालच! नाहीतर उद्घाटन रद्द!”

पुरावा म्हणून त्यांनी घरच्या भिंतीवरची तसबीरच उचलून आणली. तिच्यात त्यांचे आजोबा, सुभेदार रणनवरे, याच बंबाला टेकून ऐटीत उभे होते. फोटो मूळचा काळापांढरा, पण नंतर कुण्या स्टुडिओवाल्याने ब्रशने हौसेहौसेने रंगवलेला. बंब अगदी लालभडक!

“आता बोला! हा फोटो खोटा?”

टेंबेबाईंनी चष्मा सावरून तसबीर न्याहाळली.

“छे, खोटा कसा? बंब लालच करू. शेजारी सुभेदारांचा पुतळाही रंगवायचाय ना? तोही याच फोटोबरहुकूम होऊ दे. ओठ गुलाबी, गालांवर लाली, आणि डोळ्यांत हे एवढं काजळ!”

समितीतल्या दोघांना चहाचा ठसका लागला. तिसरा तर हसत हसत थेट बंबाच्या मागे जाऊन लपला.

बापूसाहेबांनी तसबीर घाईघाईने पालथी केली.

“हिरवाच लावा बंबाला,” ते गुरगुरले, “आणि आजोबांच्या मिशीखाली कुणी ब्रश नेला, तर याद राखा!”