पाच मराठी तारखा

"मग आभार कुणाचे मानू, बाई? काम तर माझं मीच केलंय."

ओजस उभाच होता. त्याचा प्रबंध टेबलावर होता आणि आभाराचं पान कोरं होतं. उद्या विद्यापीठात दाखल करायची शेवटची तारीख. बाईंची सही तेवढी राहिली होती.

त्याच्या मार्गदर्शक नानिवडेकर बाईंनी प्रयोगशाळेत फळमाश्या सांभाळण्यात चाळीस वर्षं घालवलेली. त्यांनी ते कोरं पान उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून.

"पाच वर्षांत काय सापडलं? सोपं करून सांग."

हा प्रश्न ओजसच्या आवडीचा. "माशीच्या गर्भात मज्जारज्जू शिडीसारखा घडतो. दोन उभे दांडे, मध्ये आडव्या पायऱ्या. पायऱ्यांपाशी आधारपेशी असतात. त्या जन्मतात खऱ्या, पण शेजारच्या चेतापेशींकडून वाढीचा संदेश आला नाही, तर मरतात."

"आणि आला तर?"

"जगतात. मग त्याच चेतापेशींच्या तंतूंना वेढून सांभाळतात. शिडी सरळ होते."

"एकटीच्या बळावर जगलेली दिसली एखादी?"

"क्वचित एखादी रेंगाळते. टिकत नाही."

"हं..."

बाई उठल्या. मांडणीवरून त्याच्याच माश्यांची काचेची नळी त्यांनी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"चिठ्ठी वाच."

माश्या नव्या खाण्यावर हलवल्या, की जुन्या नळीची चिठ्ठी सोलून नव्या नळीवर डकवायची आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख घालायची, ही बाईंच्या प्रयोगशाळेची रीत. त्या चिठ्ठीवर तारखांची रांग होती. ओजस आकडे इंग्रजीत लिही. मधल्या पाच तारखा मात्र मराठी आकड्यांत होत्या, वाकड्यातिकड्या, दाबून लिहिलेल्या.

जुलै ते सप्टेंबर.

गेल्या वर्षी त्याच महिन्यांत तो कावीळ होऊन बार्शीला घरी पडला होता. परत आला तेव्हा माश्या जिवंत दिसल्या. माझ्या माश्या भारी चिवट, असं तो महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला होता. चिठ्ठी काही त्याने वाचली नव्हती.

"हे अक्षर..."

बाईंनी मानेनेच मागच्या खोलीकडे खूण केली.

मागच्या खोलीत हिरामावशी माश्यांसाठी मक्याचं पीठ आणि गूळ शिजवत होत्या. ओजसने नळी पुढे धरली. मावशींनी चष्मा वर सरकवला.

"माझंच की. अहो दादा, तुम्ही तिकडं आजारी पडलात. ही बारकी लेकरं काय उपाशी ठेवायची?"

"मला सांगितलं का नाहीत, मावशी?"

"सांगायचं काय त्यात?" म्हणत त्या पुन्हा ढवळू लागल्या. खाली लागू द्यायचं नव्हतं.

ओजसचं सगळं काम याच एका नळीवर उभं होतं. तिच्यातल्या माश्या मेल्या असत्या, तर टेबलावर प्रबंधच नसता. त्याने वाकून मावशींच्या पायांना हात लावला. त्या लाजून मागे सरल्या, हातातल्या डावासकट.

तो परत आला आणि कोऱ्या पानावर बराच वेळ लिहीत बसला. मावशींपासून सुरुवात केली आणि मग नावं थांबेनात. कावीळ झाल्यावर स्टेशनपर्यंत सोडायला आलेला मित्र आठवला, सूक्ष्मदर्शकाची काच पुसायला शिकवणारी आधीची विद्यार्थिनी आठवली. इतकी माणसं आपल्याला लाभली, याचं त्याला फार बरं वाटत होतं.

बाईंनी पान वाचलं नाही. शेवटच्या पानावर सही केली आणि मांडणीवरचा एक ट्रे त्याच्यापुढे सरकवला. वर मृण्मयीचं नाव होतं. मृण्मयी नवी विद्यार्थिनी. आईच्या ऑपरेशनसाठी कालच गावी गेलेली.

ओजसने ताज्या नळ्या आणल्या. एकेक नळी आपटून माश्या हलवल्या, चिठ्ठ्या सोलून डकवल्या आणि पेन उचललं.

"तिला कळवू का, बाई? मी बघतोय म्हणून?"

बाईंनी नळीवरच्या चिठ्ठीवर बोट टेकवलं.

"तारीख घाल."