हणमंताचं वजन

“...पण मास्तर, आणखी किती पैसे दिले म्हणजे हणमंत आपल्याकडं टिकेल?”

दस्तगीर मास्तर मैदानाच्या कडेला बसून कुणाच्या तरी बुटात नाडी ओवत होते. गावात रग्बी आणली ती त्यांनीच. तो लांबट चेंडू पहिल्यांदा पाहिला तेव्हा गावानं तो पपईचा प्रकार ठरवला होता. दोघांनी तर बी मागितलं होतं.

विचारणारे विश्वासराव, क्लबचे अध्यक्ष. एके काळचे मास्तरांचे कप्तान. अंगात कडक इस्त्रीचा सदरा आणि चार दिवस डोळ्याला डोळा नाही.

क्लबचा हणमंत राष्ट्रीय संघात गेला, तसे शहरातले मोठे क्लब त्याच्या दारात येऊन बसले. विश्वासरावांनी छाती पुढं काढून त्याला एकट्याला महिन्याचं मानधन बांधलं. हणमंत राहिला. पण तेव्हापासून वरचा एकही चेंडू त्याच्या हाती लागला नव्हता. रविवारी अंतिम सामना होता, आणि ‘असंच चाललं तर सोमवारी मी निघालो,’ असं तो बोलून बसला होता.

“बिघडलंय काय?” मास्तरांनी विचारलं.

“संपत आणि इलाही त्याला नीट उचलत नाहीत. रेषेबाहेरून चेंडू आत फेकला की दोघांनी मांड्यांना धरून त्याला वर न्यायचं. पूर्वी वरून घारीचं पीस घेऊन उतरायचा, मास्तर. आता छातीपर्यंत नेला की यांचे हात लटपटतात.”

“काय म्हणतात?”

“म्हणतात, मानधन सुरू झाल्यापासून गडी जड झालाय.”

“वजन केलंस?”

“केलं. धान्याच्या काट्यावर. किलोभर कमीच भरला.”

मास्तर नाडीसाठी पुढचं भोक शोधू लागले.

“पाच हजार वाढवू?” विश्वासरावांचा आवाज खाली आला. “दहा?”

मास्तरांनी बूट खाली ठेवला आणि संपत-इलाहीला बोटानं खूण केली. संपत उसाचे ट्रक भरायचा, इलाही सेंट्रिंगच्या कामावर होता. दोघं कामावरून तसेच सरावाला आले होते. ते जवळ आले. मास्तरांनी विश्वासरावांकडं हनुवटी उडवली.

“घ्या.”

“अहो मास्तर, मी कशाला...”

दोघांनी शंभर किलोंचा अध्यक्ष असा वर नेला की हात तसूभर हलले नाहीत. विश्वासरावांना शेजारच्या गावची पाण्याची टाकी दिसली. टाकीवर झोपलेला माणूस कोण, तेही ओळखू आलं म्हणे.

मग त्यांनी खाली पाहिलं.

चार हात. एका जोडीच्या नखांत सिमेंट. संपतनं सावकाश जांभई दिली...

विश्वासरावांच्या सदऱ्याची इस्त्री घामानं मोडली.

“मास्तर... उतरवा म्हणावं की यांना.”

मास्तरांनी पुन्हा बूट मांडीवर घेतला.

“मला कशाला विचारतोस? ज्यांच्या हातांवर आहेस, त्यांना विचार.”