आक्कासाहेबांच्या पंगतीतलं "नको"

"माझ्या पुतण्यांनी चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं 'नको' म्हटलं पाहिजे! तोवर मी कुणाच्या नावे काडी लिहून देणार नाही!"

वाघुर्लीच्या उमाक्का इनामदारांनी असा हट्ट धरला आणि घरातल्या गडीमाणसांचा जीव टांगणीला लागला. नवरा गेल्यावर आक्कासाहेबांनी मोसंबीची बाग, गाईंचा गोठा सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. मूलबाळ नव्हतं. ज्यांनी राबून हे उभं केलं, त्यांनाच ते द्यावं अशी त्यांची फार इच्छा. पण आनंदराव आणि खंडेराव हे दोन पुतणे आपल्या बापाची वाटणी घेऊन वर चुलतीच्या बागेवर डोळा ठेवून बसलेले! आक्कांनी दुसऱ्या कुणाला काही दिलं की ते कोर्टात जाणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पंचांसमोर एकदा नको म्हटलेलं मात्र पुन्हा मागता येत नाही, हा गावचा रिवाज होता.

सगळ्यात जास्त घोर हौसाला. तीस वर्षं ती या घरात स्वयंपाक करत होती आणि माजघरामागच्या खोलीत राहत होती. आदल्याच आठवड्यात आनंदराव त्या खोलीचं पावलांनी माप घेऊन गेला होता. "इथं कडबा छान मावेल," असं तिच्या देखत म्हणाला होता मेला!

हौसा आक्कांपुढे जाऊन उभी राहिली. "आक्कासाहेब, मी त्यांच्या तोंडून 'नको' काढलं तर?"

"तर तुझी खोली तुझी, मागचं परसही तुझं! पण धाकदपटशा नाही, फसवून अंगठे घेणं नाही, आणि भांगबिंग तर मुळीच नाही!"

"कशाला लागतीया भांग? पुरणपोळीचं जेवण घाला. पंच बोलवा. आनंदरावांच्या लेकाची सोयरीक जमतीया न्हवं? त्या मुलीकडच्यांनाबी बोलवा. आणि पंगतीत तुम्ही स्वतः फिरून इचारा, बाग देऊ का म्हणून."

"वेडी का गं तू? दोघं झडप घालतील!"

"घालू द्या की. तुम्ही फकस्त एक करायचं. पोळीचा, तुपाचा हवा तेवढा आग्रह करा. बागेचा आग्रह करायचा न्हाई!"

आक्कांचा चेहराच पडला. आग्रह न करणं? त्यांना? एकदा मामलेदारांनी पानावर आडवा हात धरला, तर या बाईनं हातावरच तूप ओतलं होतं! "हे त्यांच्यापेक्षा मलाच अवघड आहे गं," आक्का म्हणाल्या. पण कबूल झाल्या.

पंगत बसली. आनंदराव होणाऱ्या व्याह्यांच्या शेजारी, अंगावर ठेवणीतला कोट. खंडेराव पलीकडे. चार पोळ्या झाल्या, प्रत्येक पोळीला "नको, नको" झालं आणि प्रत्येक पोळी पानात पडली. मग आक्का आनंदरावापुढे थांबल्या.

"आनंदा, मोसंबीची बाग तुला देऊ?"

आनंदरावाचे डोळे लकाकले. पण शेजारी व्याही! त्यानं छातीवर हात ठेवला. "छे छे, आक्का! मला काय करायचीय बाग? तुमचा आशीर्वाद आहे, तेवढा पुष्कळ!"

"वा!" व्याही म्हणाले. "माणूस असावा तर असा!"

आनंदरावानं मान खाली घातली आणि पुढच्या आग्रहाची वाट पाहू लागला. आक्कांच्या अगदी ओठांवर आलं होतं, "अरे, घे रे!" तेवढ्यात हौसा मोठ्यानं खोकली. आक्कांनी ते शब्द गिळले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढे सरकल्या!

आनंदरावाचा घास हातातच राहिला.

"खंडू, गोठा तुला देऊ?"

खंडेराव पेचात पडला. थोरल्यानं एवढी वाहवा मिळवलेली; आता आपण 'द्या' म्हटलं तर गाव काय म्हणेल? शिवाय धाकट्याला आक्का दोनदा तरी विचारतीलच! "दादांनी घेतलं नाही, मग मी कसा घेऊ?" तो गोड हसून म्हणाला.

"बरं!"

आक्का वळल्या ते थेट वाढप्यांकडे. आमटीचं भांडं धरलेल्या धोंडीबा माळ्याला म्हणाल्या, "धोंडीबा, बाग तुला देऊ?"

धोंडीबानं भांडं खाली ठेवलं. "द्या की! झाडं म्याच लावल्याती."

"गणू, गोठा?"

"द्या!" गुराखी गणू एवढ्या जोरात ओरडला की पंचांना ठसका लागला.

आता मात्र आनंदराव पानावरून अर्धा उठला. "आक्का, हे काय चाललंय? नको म्हटलं म्हणजे खरंच नको असतं का? माणूस एकदा तरी आग्रह करतो!"

हौसा तुपाची वाटी घेऊन पुढे आली. "आनंदराव, मघाशी तुम्ही पाव्हण्यांम्होरं बोललात ते खोटं हुतं, का आत्ता बोलताय ते? खोटं हुतं म्हणा, आक्कासाहेब पुन्हा इचारतील!"

सगळी पंगत आनंदरावाकडे पाहू लागली. व्याह्यांच्या भुवया वर चढल्या. आनंदराव हळूच खाली बसला.

"मघाशी... खरंच बोललो," तो पुटपुटला.

"पंचांनी ऐकलं!" पंचांतले पाटील म्हणाले.

आक्कासाहेब खांबाला टेकून पोट धरधरून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "हौसा, खोली तुझी!"

"द्या!"

"परस तुझं!"

"द्या!"

"आणि वर माझी कपिला गाय घे, वासरासकट!"

"द्या!"

"अगं, रीत म्हणून एकदा तरी नको म्हण की!"

"म्हटलं असतं, आक्कासाहेब," हौसा म्हणाली, "पण आज तुमचा काय भरवसा न्हाई!"