सुतारपक्ष्याचा सागवानी हेडसेट

जंगलात व्हिडिओ गेमचं वेड नुकतंच शिरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कोल्ह्याशी अंतिम सामना ठरला, तशी सशाने सुतारपक्ष्याला गळ घातली, "दादा, एक मजबूत हेडसेट करून द्या."

सुतारपक्ष्याने अस्सल सागवानी हेडसेट घडवला. त्यावर हत्तीला उभं केलं, मग हेडसेट कड्यावरून खाली टाकला. साधा ओरखडाही नाही! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

सामना रंगात आला आणि त्या जड, टणक लाकडाखाली सशाचे कान ठणकू लागले, मान आखडली. जिंकायला एकच डाव उरला असताना त्याने कळवळून हेडसेट भिरकावला. नेमकं तेव्हाच खेळात मागून येणाऱ्या कोल्ह्याची पावलं त्याला ऐकू आली नाहीत. सामना गेला.

सुतारपक्षी धावत आला. "तुटला नाही ना?"

"तो कशाला तुटतोय? माझे कान तुटायची वेळ आली!" ससा म्हणाला. "अहो, हत्ती झाला, कडा झाला. एकदा कानाला लावून बघायचा होता!"

सुतारपक्ष्याने गोंधळून डोकं चाचपलं. "पण मला कुठे आहेत असे कान?"

लालबुंद कान चोळता चोळता सशाला हसू फुटलं.

"माझे होते की, दादा! चांगले वीतभर!"