घोरपडकड्याची पायरी

"म्हणजे, तुम्ही येणार नाही?"

निरंजन सबनिसांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा उभं राहून, आणि आता गुहेच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत.

आवजीबाबा चुलीत फुंकर घालत होते. डोंगरातल्या तीन पिढ्यांच्या वाटाड्यांना या म्हाताऱ्यानं वाट शिकवली. वय कुणी नव्वद सांगे, कुणी एकशे दहा. दाट धुक्यात एकदा वाघानं थांबून बाबांना वाट विचारली होती, असं खालच्या वाडीत शपथेवर सांगतात. वाघाला अजून कुणी विचारलेलं नाही.

"कशाला येऊ?" बाबा म्हणाले.

"तुळशा तुमचा शिष्य. तुमच्या हातानं घोरपडकड्यावर त्याच्या नावाची पाटी लागली, तर..."

"तर?"

"...तर मला झोप लागेल. दोन वर्षं झाली, बाबा. डोळा मिटला की पाय चालायला लागतात."

सबनीस काही साधा माणूस नव्हे. एकशे बारा किल्ले पायाखाली घातलेले. तुळशा, त्यांचा बावीस वर्षांचा वाटाड्या, घोरपडकड्यावरून पडून गेला, तेव्हापासून त्या प्रसंगावर त्यांनी चाळीस व्याख्यानं दिली होती. पहिल्या व्याख्यानात कडा साठ फुटी होता. चाळिसाव्यापर्यंत तो तीनशे फुटांवर गेला.

पाटी काळ्या ग्रॅनाइटची, अकरा किलोंची, दोन बोटं जाड. सबनिसांनी ती स्वतःच्या पाठीवरून आणली होती. वर सोनेरी अक्षरांत 'सह्यपुत्र कै. तुळशीराम' आणि खाली 'निरंजन सबनीस यांजकडून'. खालची अक्षरं किंचित मोठी पडली होती. कारागिराची चूक.

बाबांनी पाटीवरून अंगठा फिरवला. मग वाकून तिची जाडी बघितली. अक्षरांकडे बघितलंच नाही.

"चांगली हाय. चल."

सबनीस पुढे निघाले, भराभर. बाबा मागून, शेळी चरायला निघावी तसे.

"साहेब, व्याख्यानात काय सांगतोस?"

"हेच... की पायरीचा धोंडा पावसात वाहून गेलेला. छातीएवढी उंच उडी. तो घसरला. मी वरून हात दिला. बोटं पकडली होती मी त्याची, पण... निसटली."

"मग?"

"मग लोक रडतात."

बाबांची चप्पल तेवढी वाजत राहिली.

घोरपडकडा आला. बाजूनं खोल दरी. खडकात कोरलेल्या पायऱ्या, आणि मधली एक गायब. तिच्या जागी नुसती खाच, दात पडल्यासारखी.

सबनीस दरीकडे पाठ करून उभे राहिले. मग वळले. मग परत पाठ केली.

"तू कसा चढलास वर?" बाबांनी विचारलं.

"...तुळशानं खांदा दिला."

"आमची रीतच ती. वाटाड्या खाली उभा ऱ्हातो, खांदा देतो. वर गेलेल्यानं लगेच पालथं पडायचं, हात खाली सोडायचा. हे आधी सांगतोच आम्ही. तुला सांगितलं व्हतं?"

"हो."

"त्याला अंघोळ मी घातली. सदऱ्यावर उजव्या खांद्याला बुटाचा ठसा व्हता. नक्षीसकट. हाताला मात्र कुणाचं नख लागलेलं न्हाय."

वारा आला नि गेला.

"मी..." सबनीस म्हणाले. "वर पोचलो, तर समोर सगळं कोकण उघडं पडलेलं. तो खालून म्हणाला, दादा, हात द्या. म्हटलं, एक मिनिट... फोटो काढतोय."

बाबा खाचेतली माती बोटांनी उकरू लागले.

"त्यानं दोनदा हाक मारली, बाबा. दोनदाच. मग एकटाच चढायला गेला."

"हं."

बाबांनी पाटी उचलली. अकरा किलो, आणि म्हाताऱ्यानं ती भाकरीसारखी तळहातावर घेतली. खाचेत आडवी सारली, खालून दगडाच्या दोन चिपा ठोकल्या, बाजूनं खडे कोंबले. अक्षरं आभाळाकडे.

सबनिसांना कळायला वेळ लागला.

"अहो, काय करताय? पाय पडतील नावावर!"

"पडू देत. त्यासाठीच तर पायरी." बाबांनी पाटी हलवून बघितली. डुगडुगली नाही. "चढ."

सबनीस खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"काय करतोस?"

"बूट काढतो."

"तवा काढले व्हते?"

सबनिसांची बोटं नाडीवर थांबली. तसेच उठले. बूट पाटीवर ठेवला. पाटी जागची हलली नाही. वर पोचले. समोर सगळं कोकण उघडं पडलं होतं.

त्यांनी तिकडं बघितलं नाही. वळले, पालथे पडले, हात खाली सोडला.

"बाबा, या."

"मला कुटं जायचंय?" बाबा खालीच, कड्याला टेकून बसले.

तेवढ्यात वळणावरून एक बाई आली. डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली. खालच्या गावांतल्या बाया बाजाराला याच वाटेनं वर येतात. दोन वर्षं एकीच्या पाठीवर पाय देऊन दुसरी चढत होती.

"अगंबाई, पायरी झाली!" तिनं आधी बोंबील वर सरकवले, मग हात वर केला. "धर रं दादा. नीट धर. मागल्या बाजारी यसूनं मला सोडली, तर थेट भावजयीच्या अंगावर."

सबनिसांनी दोन्ही हातांनी धरली. ओढली. बाई वर आली, लुगडं झटकलं, आणि आभार वगैरे न मानता बोंबील उचलून चालू लागली.

सबनीस पालथेच होते. गालाला खडक लागलेला.

"बाबा... सुटलो का मी?"

बाबांनी खाली वळणाकडे बघितलं.

"चौघी मागं हायेत अजून. हात पुसून घे. घाम आलाय."