शेपटाचं शेत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नक्की किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. तेव्हा राज्यं होती, राजे होते आणि खोटं बोलताना माणसाची जीभ थोडी अडखळत असे, एवढं धरून चाला म्हणजे झालं.

अशाच एका राज्यात नदीकाठी एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून निघालेला पाट चाळीस शेतांमधून फिरत फिरत माळावर जाऊन संपायचा. कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं आणि पाटाचं फळीचं दार कधी बंद करायचं, हे गावानं निवडलेला पाटकरी ठरवायचा. त्याचा शब्द शेवटचा. पाटलालाही तो म्हणायचा, "आज तुमची पाळी न्हाई," आणि पाटील मुकाट्यानं घरी जायचा.

आता एवढा अधिकार एका माणसाच्या हाती द्यायचा म्हणजे जोखीमच. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. जो पाटकरी होईल त्यानं आपलं शेत सोडायचं आणि पाटाच्या अगदी शेवटचं, शेपटाचं शेत कसायचं. एकोणचाळीस शेतं भिजून पाणी उरलं तरच त्याला मिळणार. त्यानं कामात कुचराई केली, कोणाला चोरून पाणी दिलं, तर पहिलं त्याचंच पीक वाळणार. मोठी शहाणी रीत होती. अलीकडे ती कोणाला सुचत नाही, हा भाग निराळा.

म्हातारा पाटकरी वारला तेव्हा गाव चावडीवर जमलं. पहिलं नाव निघालं केरोबाचं. केरोबा हुशार, बोलायला गोड, आणि त्याचं शेत पाटाच्या तोंडाशी, काळ्याभोर मातीचं, केळीनं गच्च भरलेलं.

"केरोबा, तू हो पाटकरी," म्हातारे म्हणाले.

केरोबाच्या डोळ्यांपुढे आधी ते केळीचे घड आले, आणि मग शेपटाचं ते खडकाळ रान आलं. तो म्हणाला, "माझ्यामागं घरचा व्याप लई हाय. दुसरा कुणी बघा."

मग गावानं नागोजीला विचारलं. नागोजी केरोबाचा बालमित्र. दोघं एकाच चिंचेवरून पडले होते आणि दोघांनी मिळून मार खाल्ला होता. नागोजी म्हणाला, "बरं." आपलं मधलं, चांगलं शेत त्यानं म्हाताऱ्या पाटकऱ्याच्या घरच्यांना दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून शेपटाच्या रानात दगड वेचायला लागला. गावानं नागोजीला बरोबर गळाला लावलं, असं सांगत केरोबा आठवडाभर हसत होता.

हसू फार दिवस टिकलं नाही. नागोजी रोज बंधाऱ्यापासून माळापर्यंत पाट चालायचा. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायचा, कोणी गुपचूप फोडलेला काठ लिंपायचा. भांडायला आलेल्याला तो हाताला धरून पार माळापर्यंत घेऊन जायचा आणि म्हणायचा, "हे माझं शेत. आता तूच सांग, तुला जास्तीचं कसं देऊ?" त्या साली वीस वर्षांत पहिल्यांदा पाटाचं पाणी माळावर पोचलं आणि खडकाळ रानात कंबरभर ज्वारी उभी राहिली.

गाव हरखलं. लग्नात मानाचा विडा नागोजीला जाऊ लागला. त्याच्या बरोबरीचेही त्याला नागोजीआप्पा म्हणू लागले. केरोबाच्या छातीत पहिल्यांदा टोचलं ते एका बारशाच्या जेवणात. नागोजी यायचा होता म्हणून सगळी पंगत खोळंबली होती. केरोबाच्या पुढ्यातला भात निवत चालला होता आणि पोटात भूक होती, पण भुकेपेक्षाही वाईट असं काहीतरी त्याला आतून कुरतडत होतं. हा मान माझा होता, त्याच्या मनात आलं.

घरी येऊन तो बायकोला, भागाला म्हणाला, "मी नको म्हटलं म्हणून त्याला मिळालं."

"मग नको कशाला म्हटलं?" भागा म्हणाली. तिला आडून बोलता येत नसे.

पुढच्या वर्षी केरोबा म्हणू लागला, "मला कुणी नीट विचारलंच न्हाई." त्याच्या पुढच्या वर्षी म्हणू लागला, "मला मुद्दाम डावललं." आणि तिसऱ्या वर्षी तर ते त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं. मत्सराची ही एक मोठी सोय आहे, तो आपल्याला हवी तशी आठवण तयार करून देतो.

त्या नदीवर बारा गावं होती आणि दर उन्हाळ्यात पाण्यावरून डोकी फुटत होती. बारा गावांनी नागोजीला मध्ये घातलं. त्यानं भांडण मिटवलं, तेव्हा त्यांनी त्यालाच आपला मुखत्यार केलं. रीत इथंही तीच होती. मुखत्यारानं नदीच्या सगळ्यात खालच्या गावात राहायचं. नागोजीनं बिऱ्हाड बांधलं. त्याला निरोप द्यायला सगळं गाव वेशीपर्यंत गेलं. केरोबाही गेला, कारण गेला नसता तर ते दिसलं असतं.

"येत जा रे," नागोजी त्याला मिठी मारून म्हणाला.

"येईन की," केरोबा म्हणाला, आणि कधी गेला नाही.

पण बाजाराहून कोणी आलं की तो आधी नागोजीची बातमी विचारायचा. बातमी चांगली असली की त्याला जेवण जात नसे, आणि बातमी नेहमी चांगलीच असे. शेतात त्याचं लक्ष लागेना. केळीत रानडुकरं घुसून अर्धी बाग आडवी झाली, ते त्याला दोन दिवसांनी कळलं.

होता होता नागोजीचं नाव राजापर्यंत पोचलं. राज्याचा जलप्रधान थकला होता, सगळ्या नद्यांचं पाणी वाटणारा नवा माणूस हवा होता. राजानं नागोजीला बोलावलं.

आता दरबारचा नियम ऐका. प्रधान होणाऱ्याला लहानपणापासून ओळखणारा एक गावकरी दरबारात उभा राहायचा आणि शपथेवर सांगायचा, या माणसानं कधी पाळी सोडून पाणी घेतलं की नाही. त्या वेळी प्रधान होणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. साक्षीदार 'घेतलं' म्हणाला तर प्रधानकीचं पागोटं त्या माणसाला मिळत नसे. पण मग ते पागोटं साक्षीदारानंच डोक्यावर घ्यायचं, आपलं शेत सोडायचं आणि राज्याच्या शेवटच्या टोकाला, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत जाऊन राहायचं. उगाच कोणी कोणाला खाली ओढू नये, म्हणून केलेला नियम होता. नियम करणाऱ्याला केरोबा भेटला नव्हता.

"साक्षीला कोणाला बोलावू?" राजानं विचारलं.

"आमच्या केरोबाला," नागोजी म्हणाला. "माझ्या घरच्यांपेक्षा त्याला मी जास्त ठाऊक हाय."

भागानं भाकरी बांधून दिली. "खरं काय ते सांगा आणि लौकर परत या," ती म्हणाली.

"मी कशाला खोटं बोलू?" केरोबा म्हणाला. तेव्हा ते तो मनापासून म्हणाला होता, हे मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो.

पण दरबारात पाऊल टाकलं आणि त्याला चांदीच्या ताटातलं ते पागोटं दिसलं. नागोजी आत आला तेव्हा मोठमोठे सरदार जागेवरून उठले. ज्याच्याबरोबर आपण मार खाल्ला, त्याच्यासाठी सरदार उठतात, हे केरोबाला बघवेना.

"या माणसानं कधी पाळी सोडून पाणी घेतलं?" राजानं विचारलं.

"घेतलं," केरोबा म्हणाला. जीभ थोडी अडखळली, पण शब्द बाहेर पडला. "एकदा. माझ्याच पाळीचं."

नागोजीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. अंधारात पायरी चुकलेल्या माणसासारखा तो गोंधळलेला दिसत होता. राजानं तीनदा विचारलं आणि केरोबानं तीनदा तेच सांगितलं.

पागोटं केरोबाच्या डोक्यावर आलं. ते जड होतं आणि कानांवर घसरत होतं, तरी त्याला तो दिवस आयुष्यातला सगळ्यात गोड वाटला. नागोजी जसा आला तसा गावी परत गेला. त्या साक्षीमुळे मुखत्यारी गेली होती, त्याला जमीन नव्हती. केरोबाचं पाटाच्या तोंडाचं शेत मोकळं पडलेलं होतं, आणि गावाला ती साक्ष पटली नव्हती, म्हणून ते गावानं त्याला दिलं. भागा आपलं सामान घेऊन खाडीकाठी आली आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

प्रधानकी म्हणजे पागोटं आणि पालखी, एवढंच केरोबानं इतकी वर्षं दुरून पाहिलं होतं. पाट चालणं त्याला ठाऊक नव्हतं. जो गोड बोले त्याला तो पाणी देई. वरच्या गावांच्या सरदारांना गोड बोलता येत होतं, खालच्या गरिबांना दरबारापर्यंत पोचताही येत नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात खाडीकाठच्या वीस गावांना थेंब मिळाला नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन प्रधानाच्या दारात बसू लागल्या. केरोबाच्या स्वतःच्या शेतात मिठाची पांढरी खपली धरली.

आणि केरोबाला सलत काय होतं? गावाकडचा एक बैलगाडीवाला त्याला सांगून गेला होता, "नागोजीआप्पाच्या बागेत औंदा घड एवढे लागल्यात, की टेकू द्यावं लागलं."

"त्याची बाग?" केरोबा म्हणाला. "माझी बाग हाय ती."

आता त्याची पंचाईत बघा. पद ठेवावं तर नागोजी त्याच्या शेतातली केळी खाणार. पद सोडावं तर नागोजी प्रधान होणार. आठ दिवस केरोबा अंगणात येरझारा घालत होता. शेवटी केळीची सरशी झाली.

तो राजापुढे जाऊन म्हणाला, "महाराज, मी खोटं बोललो. नागोजीनं पाळी सोडून थेंबभर पाणी कधी घेतलं न्हाई. त्याला बोलवा आणि मला माझ्या शेतात जाऊ द्या."

दरबाराला वाटलं, याला पश्चात्ताप झाला. पण राजा म्हातारा होता आणि त्यानं माणसं पाहिली होती.

"खरं बोललास, हे बरं केलंस," तो म्हणाला. "नागोजी येईल. तू मात्र आहेस तिथंच राहा. ज्यांची शेतं तू वाळवलीस, त्यांच्याच शेजारी एक शेत कसून खा."

नागोजी प्रधान होऊन खाडीकाठी आला. रीतीप्रमाणे त्यानं सगळ्यात शेवटचं शेत घेतलं, केरोबाच्या शेताच्याही खालचं. पहिल्याच दिवशी तो केरोबाच्या दारात आला. भागानं पुढं केलेलं खारट पाणी तो गटागटा प्यायला.

"केरोबा, असं का केलंस?" त्यानं विचारलं.

केरोबा रिकामी घागर उचलून आत गेला.

"राहू दे," नागोजी म्हणाला. "वहिनी, भाताचं रोप करून ठेवा. पाणी आणायचं माझ्याकडं लागलं."

तो डोंगरापासून खाडीपर्यंत नद्या चालला. सरदारांना हाताला धरून त्यानं शेवटचं शेत दाखवायला आणलं. इकडे भागानं घरातलं होतं नव्हतं तेवढं बियाणं पेरलं आणि कोसभरावरच्या झऱ्याचं पाणी घागरी घागरीनं आणून रोपं जगवली. ही रोपं गेली तर त्या घराला भीक मागण्यावाचून दुसरी वाट उरणार नव्हती, आणि केरोबाला ते चांगलं माहीत होतं.

अखेर पाणी आलं. ढोल वाजू लागले, वीस गावं पाटाच्या काठी लोटली, खुद्द राजा पालखीतून आला. शेतामागून शेत भिजत पाळी केरोबापर्यंत पोचली. नागोजीनं निरोप धाडला, "तुझं दार तू उघड. वावर भिजलं की बंद कर आणि मग माझ्याकडं सोड."

केरोबानं दार उघडलं. लालसर, गोडं पाणी खळखळत रोपांत शिरलं. तेवढ्यात बांधापलीकडे गलका झाला. राजा पालखीतून उतरला होता आणि नागोजीला मिठी मारत होता. बाया ओवाळत होत्या. केरोबा नीट दिसावं म्हणून बांधावर चढला. हे सगळं माझं होतं, तो मनाशी म्हणत राहिला, आणि एकामागून एक पुढं होणारी आरतीची तबकं बघत राहिला.

मागे पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. मग खाडीकडचा बांध फुटला.

आवाज ऐकून पहिला धावला तो नागोजी. प्रधानकीचं पागोटं बांधलेलं होतं तसाच तो पाण्यात उतरला आणि छातीनं रेटून त्यानं दार बंद केलं. पण तोवर मातीसकट सगळी रोपं खाडीत गेली होती. पाणी आलं म्हणून देवळात नारळ फोडायला गेलेली भागा पळत आली. चिखलात वाकून तिनं एक रोप उचललं, त्याला मूळ राहिलं नव्हतं.

"पाणी तर आलं हुतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही कुठं हुता?"

केरोबा बांधावरच उभा होता, दारापासून हातभर अंतरावर.

लहानथोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: ज्याची नजर सदा दुसऱ्याच्या भाग्यावर असते, त्याच्या दारी आलेलं भाग्यही त्याच्या पाठीमागून वाहून जातं.