वेणूला काय शिकायचं होतं

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे दुपारी इवलेइवले ढग झोपायला उतरत, तिथे वेणू आपल्या मावशीजवळ राहायची. तिला आईवडील नव्हते. मावशी पत्रावळी लावायची आणि त्यावर दोघींचं कसंबसं भागायचं.

सातासमुद्रापलीकडे पोवळ्यांच्या बेटावर डोळ्यांची साथ आली, तेव्हा वेणू जहाजात बसून सेवेला गेली. वर्षभर तिने तिथल्या चिमुकल्यांचे डोळे धुतले, त्यांना गोष्टी सांगितल्या. परत आली तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मग जो तो विचारू लागला, “आता पुढे काय करणार?”

वेणू हसून विषय बदलायची. बरोबरीच्या मैत्रिणी केव्हाच कामाला लागल्या होत्या.

“तुला हवं ते कर गं,” मावशी म्हणायची, “पण काय ते सांग तरी!”

एका सोनेरी संध्याकाळी वेणू राईत जाऊन एकटीच रडत बसली. तोच जाईच्या वेलावर रुपेरी उजेड लुकलुकला. त्यातून एक नाजूकशी परी उतरली. तिचे पंख मोरपंखी होते आणि छडीच्या टोकावर एक चिमणा तारा चमचमत होता.

“रडू नकोस, बाळ. एक इच्छा माग,” परी म्हणाली. “पण ती तुझ्या स्वतःच्या मनातली हवी. आणि ऊन जाईवरून उतरायच्या आत मागायला हवी.”

“मला शिवण येऊ दे. मावशीला हातभार लागेल.”

तारा मिणमिणला. “हे तू मावशीसाठी मागितलंस, राणी.”

“मग मला आत्ताच वैद्य कर!”

तारा आणखीच मंदावला. “शिकायचे कष्ट मला वाचवता येत नाहीत गं.”

इतक्यात झुडपातून हरणाचं एक पाडस धडपडत आलं. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. वेणू ऊन विसरली, इच्छा विसरली. तिने पानाच्या द्रोणात झऱ्याचं पाणी आणलं आणि हळुवार हातांनी डोळा धुतला. घाण निघाली, पण आत गवताचं कुसळ रुतलेलं दिसलं. ते ओढायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

जाईवरचं ऊन उतरलं. पाडस थरथरत तिला बिलगलं.

“बेटावर लुलू नावाची एक चिमुकली माझं बोट धरून विचारायची, मला पुन्हा दिसेल का?” वेणू हुंदके देत म्हणाली. “मला काही सांगता यायचं नाही. मला शिकायचंय गं परी! डोळ्यांचं सगळं शिकायचंय. कितीही वर्षं लागू देत!”

तारा लखकन उजळला!

“पण वेळ तर संपली,” वेणू घाबरून म्हणाली.

“ती या पाडसापायी गेली. अशी गेलेली वेळ मी मोजत नाही,” परी हसली.

तिने छडी फिरवताच डोंगरावर जाणारी एक चमचमती पाऊलवाट उजळली. पाडसाला कडेवर घेऊन वेणू चढली. वर पांढऱ्याशुभ्र नेत्रशाळेच्या दारात गुरुमाई उभ्या होत्या.

“ये, पोरी. तुझ्यासारखीला इथे राहायला-जेवायला मिळतं, मात्र अभ्यास भरपूर असतो,” त्या म्हणाल्या. “उद्या मावशीला घेऊन ये, तिच्याशीही बोलू. आता हात धू, दिवा धर आणि मी काय करते ते नीट बघ.”

वेणूने दिवा धरला. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. गुरुमाईंनी अलगद कुसळ काढलं.

दारात परी उजेडात विरघळू लागली. तिचे मोरपंखी, रुपेरी कण हवेत भिरभिरले आणि पाडस मान वर करून, दोन्ही डोळ्यांनी, त्यांच्याकडे टकमका बघत राहिलं.